गाडी कोणत्या थांब्यावर अडली? छोट्या एआरएम बोर्डावर लिनक्स सुरू होत नाही तेव्हा

गेल्या पावसाळ्यात निफाडकडच्या माझ्या मावसभावाचा सकाळी सकाळी फोन आला. "दादा, चाळीतला बोर्ड गेला."

त्याने कांदाचाळीत एक रास्पबेरी पाय ३ बी प्लस, म्हणजे एआरएम प्रोसेसरवर लिनक्स चालवणारा छोटासा संगणक-बोर्ड, बसवला आहे. दर दहा मिनिटांनी चाळीतलं तापमान आणि हवेतला ओलावा नोंदवायचा, एवढंच त्याचं काम. आदल्या रात्री लाइट चार-पाच वेळा गेली-आली आणि सकाळी नोंदी थांबलेल्या. मी विचारलं, "लाल दिवा लागलाय का? आणि हिरवा काय करतोय?" तो म्हणाला, "लाल आहे. हिरवा चार वेळा लुकलुकतो, थांबतो, परत चार वेळा."

माझ्या जिवात जीव आला. मेलेला बोर्ड मोजून चार वेळा दिवा लावत नाही. तो काहीतरी सांगत होता.

छोटा बोर्ड सुरू झाला नाही की बहुतेक जण लगेच त्याचं सिस्टिम असलेलं एसडी कार्ड पुसून नवी सिस्टिम टाकतात. काही जण तर बोर्डच टाकून देतात. कार्ड पुसलं की बिघाड कुठे होता ते कळत नाही, आणि महिन्याभराने तोच बिघाड परत येतो. एसटी वेळेवर आली नाही तर आपण स्टँडवर जाऊन कंट्रोलरला विचारतो, "गाडी कुठून सुटलीय?" मधल्या गावातून निघाली असेल तर अलीकडचा सगळा रस्ता ठीक आहे, हे तेवढ्यावरून कळतं. बूटचंही, म्हणजे संगणक सुरू होण्याचंही, असंच आहे. टप्पे ठरलेले असतात, आणि प्रत्येक टप्प्यावर पोचल्याची काही ना काही खूण उमटते. शेवटची खूण कोणती, एवढं शोधायचं.

(या लेखात फाइलींची नावं आणि आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. कार्डावर आणि पडद्यावर त्या रोमन लिपीत दिसतील.)

आधी टप्पे समजून घेऊ

घरच्या पीसीत बायोस किंवा यूईएफआय नावाचा प्रोग्राम मदरबोर्डवरच असतो. डिस्क काढून घेतली तरी पडद्यावर काहीतरी दिसतं. रास्पबेरी पाय ३ मध्ये असं काही नाही. चिपच्या आत कायमचा कोरलेला एक छोटासा प्रोग्राम असतो, त्याला बूट रॉम म्हणतात. त्याचं मुख्य काम असं: एसडी कार्डाच्या पहिल्या, फॅट प्रकारच्या विभागात (पार्टिशनमध्ये) ‘बूटकोड.बिन’ नावाची फाइल शोधायची आणि चालवायची.

नवख्यांना माहीत नसलेली एक गोष्ट म्हणजे, या वेळी एआरएम प्रोसेसर झोपलेलाच असतो. रास्पबेरी पायमध्ये आधी जागा होतो तो व्हिडिओकोर, म्हणजे चित्र काढणारा भाग. ‘बूटकोड.बिन’ रॅम तयार करतं आणि ‘स्टार्ट.ईएलएफ’ ही फाइल आणतं. ती ‘कॉन्फिग.टीएक्सटी’ वाचते, बोर्ड कोणता आहे ते ओळखते, लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, रॅममध्ये ठेवते, सोबत डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डाचा नकाशा, ठेवते, ‘सीएमडीलाइन.टीएक्सटी’मधली ओळ कर्नलच्या हाती देते, आणि मग एआरएम प्रोसेसरला उठवते. तिथून पुढे लिनक्स. कर्नल कार्डाचा दुसरा, ईएक्सटी४ प्रकारचा विभाग जोडून घेतो आणि त्यातला पहिला प्रोग्राम सुरू करतो. हा प्रोग्राम म्हणजे सिस्टिमडी. बाकी सगळं तो उभं करतो.

डिव्हाइस ट्रीवर दोन शब्द जास्त लिहितो, कारण एआरएमवरची निम्मी कोडी इथेच अडकतात. पीसीत पीसीआय आणि यूएसबीवरची उपकरणं स्वतःची ओळख सांगतात. कर्नलने विचारायचं आणि त्यांनी उत्तर द्यायचं. एआरएम चिपमधली बरीच उपकरणं मुकी असतात. कार्ड वाचणारं यंत्र अमुक पत्त्यावर आहे, सिरियल पोर्ट तमुक पत्त्यावर आहे, हे कर्नलला कोणीतरी आधी सांगावं लागतं. पूर्वी ही माहिती प्रत्येक बोर्डासाठी कर्नलच्या कोडमध्येच लिहिलेली असायची. बोर्ड वाढत गेले तसा तो पसारा इतका झाला की २०११ मध्ये खुद्द लिनस टोरवाल्ड्स यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. त्यानंतर एआरएमच्या जगाने डिव्हाइस ट्रीची वाट धरली: बोर्डाचा नकाशा वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचा आणि कर्नलला सुरू होताना द्यायचा. नकाशा चुकीचा असला तर कर्नल धडधाकट असूनही आंधळा होतो. कार्ड समोर असतं, पण त्याला दिसत नाही.

पाय ४ पासून थोडा बदल झाला. ‘बूटकोड.बिन’चं काम आता बोर्डावरच्या ईईप्रॉम चिपमधला प्रोग्राम करतो, त्यामुळे कार्ड नसतानाही एचडीएमआयवर माहिती दिसते. पाय ५ मध्ये ‘स्टार्ट.ईएलएफ’सुद्धा कार्डावर लागत नाही. पाय ४ चं हे ईईप्रॉम बिघडलं तर रास्पबेरी पाय इमेजर या प्रोग्रामने एका वेगळ्या कार्डावर दुरुस्तीची इमेज (कार्डावर उतरवायची तयार प्रत) लिहायची आणि ते कार्ड घालून बोर्ड सुरू करायचा. काम झालं की पडदा हिरवा होतो.

दिव्याची भाषा

आता चार लुकलुकी. पायच्या हिरव्या दिव्याचे संकेत ठरलेले आहेत. चार छोट्या म्हणजे ‘स्टार्ट.ईएलएफ’ सापडली नाही. सात म्हणजे कर्नलची फाइल सापडली नाही. आठ म्हणजे रॅममध्ये बिघाड. हा बोर्डाचाच दोष, कार्ड बदलून जाणार नाही. दोन लांब आणि एक छोटी म्हणजे विभाग फॅट प्रकारचा नाही. नुसता लाल दिवा आणि हिरवा अजिबात नाही, तर बूट रॉमला कार्डावर काहीच मिळालेलं नाही: कार्ड नीट बसलेलं नसेल, खराब असेल किंवा त्यावर इमेज नीट लिहिली गेली नसेल.

एचडीएमआयचा पडदा लावला असेल तर आणखी एक खूण मिळते. सुरुवातीला क्षणभर इंद्रधनुष्यासारखा रंगीत चौकोन दिसतो. तो दिसला म्हणजे ‘स्टार्ट.ईएलएफ’पर्यंत गाडी पोचली. पडदा तिथेच अडकून राहिला तर कर्नल मिळालेला नाही, किंवा मिळालेला कर्नल या बोर्डाचा नाही. जुनं कार्ड नव्या बोर्डात घातलं की असं होऊ शकतं. ३ बी प्लस हा बोर्ड मार्च २०१८ मध्ये आला आणि पाय ४ जून २०१९ मध्ये. त्याआधीच्या इमेजना हे बोर्ड माहीतच नाहीत, मग त्या सुरू कशा करणार? पाय ४ ला दोन एचडीएमआय जागा आहेत. वायर यूएसबी-सीच्या शेजारच्या जागेत लावा. दुसऱ्या जागेत लावून ‘पडदा काळा’ म्हणणारे मी बरेच पाहिले आहेत.

भावाच्या कार्डावर ‘स्टार्ट.ईएलएफ’ होती, पण वाचता येत नव्हती. त्याने मित्राच्या लिनक्स लॅपटॉपमध्ये कार्ड घातलं, तर ‘डीमेसग’ या कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या आज्ञेत वाचनाच्या चुकांची रांग लागली. कार्डच थकलं होतं.

विंडोज वापरणाऱ्यांना इथे एक कळकळीची सूचना. हे कार्ड विंडोजमध्ये घातलं की फॅट विभाग उघडतो, आणि दुसऱ्या विभागासाठी विंडोज विचारतं, "ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का?" तो विभाग खराब नसतो, विंडोजला तो वाचता येत नाही एवढंच. नाही म्हणा. एका ‘हो’ने महिन्यांच्या नोंदी गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

वीज: आधी हेच तपासा

माझ्या अनुभवात या बोर्डांच्या तक्रारींमध्ये सर्वांत जास्त वाटा अपुऱ्या विजेचा असतो. पाय ३ ला ५.१ व्होल्ट, २.५ अँपिअर लागतात. पाय ४ ला ३ अँपिअर. पाय ५ ला पूर्ण क्षमतेसाठी ५ अँपिअर. मोबाइलच्या चार्जरवर आकडे बरोबर लिहिलेले असतात, तरी घोळ होतो, कारण व्होल्ट केबलमध्ये गळतात. केबल लांब आणि आतली तार बारीक असली की चार्जरकडे ५ व्होल्ट असतात आणि बोर्डाकडे साडेचार. ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की बोर्ड ते टिपतो: लाल दिवा विझतो किंवा फडफडतो, आणि पडद्यावर पिवळी वीज चमकल्याचं चिन्ह येतं.

बूट होतानाच हे जास्त का होतं, तर त्या वेळी चारही कोर एकदम कामाला लागतात, यूएसबीवरची उपकरणं जागी होतात, आणि विजेची मागणी एकदम वर जाते. म्हणून बोर्ड अर्ध्यावर येऊन परत पहिल्यापासून सुरू होत राहिला, तर सिस्टिमवर संशय घेण्याआधी केबल बदला. यूएसबीला लावलेलं सगळं काढा. फक्त कार्ड, वीज आणि पडदा ठेवून पाहा.

बोर्ड सुरू झाल्यावर ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ ही आज्ञा द्या. उत्तर ‘०एक्स०’ आलं तर सुरू झाल्यापासून वीज नीट आहे. ‘०एक्स५००००’ आलं तर आत्ता ठीक आहे, पण मध्ये कधीतरी व्होल्ट पडले होते आणि बोर्डाने त्यामुळे वेग कमी केला होता. शेवटीही ५ असेल तर या क्षणीही तेच चाललं आहे.

तीन तारा

पडदा नसेल किंवा काळा असेल तेव्हा सिरियल कन्सोलसारखं, म्हणजे बोर्डाचे संदेश तारांवरून लॅपटॉपवर वाचण्यासारखं, दुसरं साधन नाही. एक यूएसबी-टीटीएल अडॅप्टर घ्या. सीपी२१०२ किंवा सीएच३४० चिपचा थोडक्या पैशांत मिळतो. तो ३.३ व्होल्टवर चालणारा हवा; ५ व्होल्टचा सिग्नल पायच्या पिनांना सोसत नाही. पायच्या ४० पिनांमधली ६ क्रमांकाची ग्राउंड, ८ क्रमांकाची बोलणारी आणि १० क्रमांकाची ऐकणारी. बोर्डाची बोलणारी तार अडॅप्टरच्या ऐकणाऱ्या पिनेला आणि उलट. अडॅप्टरची लाल, विजेची तार मोकळीच ठेवा.

‘कॉन्फिग.टीएक्सटी’मध्ये ‘एनेबल_यूएआरटी=१’ ही ओळ घाला. लॅपटॉपवर विंडोज असेल तर पुटी, लिनक्स असेल तर पिकोकॉम उघडा, वेग ११५२०० ठेवा आणि मग बोर्डाला वीज द्या. कर्नलचा शब्द न् शब्द वाचता येतो. अक्षरांऐवजी कचरा दिसला तर वेग चुकला आहे. काहीच दिसलं नाही तर आधी दोन्ही तारांची अदलाबदल करून पाहा. मीसुद्धा बऱ्याचदा उलट्याच लावतो.

मजकूर धावायला लागला की ‘मशीन मॉडेल’ हे शब्द शोधा. त्यापुढे तुमच्याच बोर्डाचं नाव असेल तर डिव्हाइस ट्री बरोबर पोचली.

कर्नल घाबरतो तेव्हा

सर्वांत जास्त विचारला जाणारा संदेश म्हणजे ‘कर्नल पॅनिक’, आणि पुढे ‘व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक’. लोक ‘पॅनिक’ हा शब्द वाचून तिथेच थांबतात. खरी माहिती त्यापुढच्या कंसातल्या दोन आकड्यांत असते.

कंसात (०,०) असेल तर कर्नलला तुम्ही सांगितलेली डिस्क ओळखताच आलेली नाही. मूळ (रूट) विभाग कोणता ते सांगणारी ‘रूट=’ची ओळ चुकली असेल, किंवा कार्ड वाचणारा ड्रायव्हर नसेल, किंवा डिव्हाइस ट्री चुकीची असेल. (१७९,२) असेल तर गोष्ट निराळी. १७९ हा लिनक्समध्ये एसडी कार्ड आणि ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेली साठवण चिप) यांचा ठरलेला क्रमांक, आणि २ म्हणजे दुसरा विभाग. कार्ड सापडलं, विभागही सापडला, पण आतली फाइल सिस्टिम उघडली नाही. मग कार्ड दुसऱ्या लिनक्स मशीनवर नेऊन, विभाग न जोडता, ‘एफएससीके’ हे फाइल सिस्टिम तपासणारं साधन चालवायचं. त्याआधी ‘डीडी’ने कार्डाची पूर्ण प्रत घ्या, कारण थकलेल्या कार्डावरच्या दुरुस्तीने उरलेलंही जाऊ शकतं. यूएसबी डिस्कवरून बूट करत असाल तर १७९ च्या जागी ८ दिसेल.

आता भावाच्या चाळीकडे परत. त्याने नवं कार्ड आणलं, मित्राच्या लॅपटॉपवर दोन विभाग केले, पहिल्यात नव्या इमेजमधल्या बूट फाइली आणि दुसऱ्यात जुन्या कार्डावरचं सगळं जसंच्या तसं उतरवलं. चार लुकलुकी गेल्या, इंद्रधनुष्य आलं आणि गेलं, पण पुढे सामसूम. मी त्याला सिरियलच्या तारा लावायला सांगितल्या. शेवटची ओळ होती: ‘वेटिंग फॉर रूट डिव्हाइस पार्टयूयूआयडी’, आणि पुढे एक क्रमांक.

‘सीएमडीलाइन.टीएक्सटी’मध्ये मूळ विभागाची ओळख पार्टयूयूआयडीने दिलेली असते. प्रत्येक कार्डाच्या विभागतक्त्याला आठ अक्षरांची स्वतःची सही असते. तिच्यापुढे विभागाचा क्रमांक जोडला की पार्टयूयूआयडी होतो. नव्या कार्डाची सही नवी, आणि फाइलमध्ये लिहिलेली दुसऱ्याच कार्डाची. त्याच ओळीत ‘रूटवेट’ हा शब्दही असतो. कार्ड ओळखायला क्षणभर वेळ लागतो म्हणून कर्नलने थांबावं, यासाठी तो असतो. पण जे कार्ड कधी येणारच नाही, त्याचीही कर्नल त्यामुळे मुकाट्याने वाट पाहत बसतो. (नव्या सिस्टिममध्ये याच चुकीने ‘इनिटरॅमएफएस’ असा प्रॉम्प्ट दिसतो आणि डिस्क सापडली नाही असं तो सांगतो.)

लॅपटॉपवर ‘बीएलकेआयडी’ आज्ञेने नवा क्रमांक पाहिला आणि फाइलमध्ये घातला. ही फाइल सुधारताना एक पथ्य पाळायचं: सगळा मजकूर एकाच ओळीत राहिला पाहिजे. मध्ये एंटर पडला की पुढचं वाचलं जात नाही.

पुढच्या खेपेला गाडी सिस्टिमडीपर्यंत आली आणि पुन्हा अडकली. ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ आणि शेजारी सरकणारं घड्याळ, दीड मिनिटाचं. ते संपलं आणि इमर्जन्सी मोड. वर ‘रूट अकाउंट इज लॉक्ड’. भाऊ म्हणाला, "आता खरंच संपलं."

इथे मात्र मी हसत हसत सांगितलं की तू अगदी दारात आला आहेस. कोणते विभाग जोडायचे ते सांगणाऱ्या ‘एफएसटॅब’ फाइलमध्येही असाच क्रमांक असतो, आणि तिथे जुन्या कार्डाचाच राहिला होता. सिस्टिमडी तो विभाग नव्वद सेकंद शोधतो आणि नाही मिळाला की थांबतो. रूटला, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य वापरकर्त्याला, पासवर्ड नसल्याने तिथे बसून दुरुस्ती करता येत नाही, म्हणून कार्ड परत लॅपटॉपवर न्यायचं आणि ‘इटीसी’ फोल्डरमधली ती फाइल सुधारायची. त्याच फाइलमध्ये त्याच्या पेन ड्राइव्हचीही ओळ होती. तिला ‘नोफेल’ हा पर्याय जोडायला लावला, म्हणजे पेन ड्राइव्ह काढलेला असला तरी बोर्ड सुरू होईल. बाहेरच्या डिस्कच्या ओळीत हा शब्द नसणं, ही इमर्जन्सी मोडमागची फार मोठी आणि फार साधी चूक आहे.

रास्पबेरी सोडून इतर बोर्ड

ऑरेंज पाय, बीगलबोन किंवा रॉकचिपचे बोर्ड असतील तर मधल्या टप्प्यावर यू-बूट नावाचा प्रोग्राम असतो. ऑलविनर चिपच्या बोर्डांत तो कार्डाच्या सुरुवातीपासून ८ केबीवर, रॉकचिपमध्ये ३२ केबीवर, विभागांच्या बाहेर लिहिलेला असतो. म्हणून तिथे फाइली उतरवून कार्ड तयार होत नाही, पूर्ण इमेजच लिहावी लागते. बीगलबोन ब्लॅकच्या सिरियलवर नुसती सी सी सी अशी अक्षरं येत राहिली तर त्याच्या बूट रॉमला कुठेच काही मिळालेलं नाही, आणि तो सिरियलवरून प्रोग्राम मागतो आहे.

यू-बूटने ‘स्टार्टिंग कर्नल’ म्हटलं आणि पुढे शांतता, हे सर्वांत छळणारं दृश्य. बऱ्याचदा कर्नल चालू असतो, पण भलत्याच पोर्टवर बोलत असतो. कर्नलच्या ओळीतलं ‘कन्सोल=’ तपासा. आरके३३९९ च्या बोर्डांत सिरियलचा वेग सहसा १५००००० असतो, आणि तो सगळ्या स्वस्त अडॅप्टरांना पेलत नाही. पोर्ट बरोबर असूनही शब्द नसेल तर ओळीत ‘अर्लीकॉन’ घाला. मग कर्नल ड्रायव्हर तयार होण्याआधीपासून बोलतो. तरीही गप्प असेल तर डिव्हाइस ट्री चुकली आहे किंवा कर्नल रॅममध्ये चुकीच्या जागी ठेवला गेला आहे.

चाळीतला बोर्ड त्या दुपारी सुरू झाला आणि नोंदी परत येऊ लागल्या. पण ‘गेट_थ्रॉटल्ड’चं उत्तर आलं ‘०एक्स५००००’. मी विचारलं, "केबल किती लांब आहे?" तीन मीटर होती, मोबाइलची, चाळीच्या दाराजवळच्या विजेच्या बोर्डापासून ओढलेली. त्याने चार्जर आत घेतला, आखूड जाड केबल लावली आणि रात्रीच्या लाइटच्या खेळासाठी एक छोटी बॅटरी मध्ये बसवली. नोंदी आता पेन ड्राइव्हवर जातात, आणि मुख्य कार्डावर काही लिहिलं जाऊ नये म्हणून ‘रास्पी-कॉन्फिग’मधून ओव्हरले फाइल सिस्टिम चालू केली आहे. दिवाळीत गेलो तेव्हा चाळीत उभं राहून तीच आज्ञा पुन्हा दिली. उत्तर शून्य होतं.